पोटातील दुर्मिळ आजाराचे ऑपरेशन ठरवताना: ठाणे-नवी मुंबईतील रुग्ण आणि नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

ठाणे, कळवा, ऐरोली किंवा पनवेलमधल्या सर्जनने सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून ‘हे नेहमीचे दिसत नाही, मोठ्या रुग्णालयात दाखवा’ असे सांगितले असेल आणि पुढे नेमके काय करायचे हे सुचत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय हा दुर्मिळ आजार निघाला. तपासण्यांपासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत आणि त्यानंतरच्या फॉलो-अपपर्यंत सगळी धावपळ माझ्याकडे होती. त्यातून एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. अशा आजारात मुख्य ऑपरेशन कोण करतो आणि कुठे करतो यावर पुढचे बरेच काही ठरते. त्यामुळे आतडे अडकणे किंवा फुटणे अशी खरी तातडी नसेल, तर पोट उघडण्याची घाई करू देऊ नका. वैद्यकीय निर्णय अर्थातच डॉक्टरांचा आहे. त्या निर्णयापर्यंत नीट पोहोचण्यासाठी घरच्यांनी काय करायचे, एवढेच मी इथे क्रमाने मांडतो.

१. निदान पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नका

स्यूडोमिक्सोमामध्ये बहुतेक वेळा सुरुवात अपेंडिक्समधून होते. तिथे श्लेष्मा तयार करणारी गाठ वाढते, अपेंडिक्स फुटते आणि जेलीसारखा तो पदार्थ पेशींसह उदरावरणावर, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तरावर, पसरत जातो. वाढ बहुधा संथ असते. त्यामुळे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, रुग्णाला फक्त पोट सुटल्यासारखे वाटते, कपडे घट्ट होतात आणि थोडे खाल्ले तरी पोट भरते. दरवर्षी दहा लाख लोकांमागे जेमतेम एक ते तीन जणांना होणारा हा आजार असल्याने तो पहिल्या भेटीत ओळखला गेला नाही, तर त्यात डॉक्टरांचा दोष धरण्याचे कारण नाही.

आपल्याकडे पोटात पाणी झाले की आधी टीबीचा विचार होतो आणि तो योग्यच आहे, कारण पोटाचा टीबी इथे कितीतरी अधिक आढळतो. मात्र सुईने पाणी काढायला गेल्यावर काहीच येत नसेल किंवा चिकट पदार्थ येत असेल, टीबीच्या औषधांचा कोर्स चालू असूनही पोटाचा घेर वाढत असेल, किंवा टीबीचा कोणताही ठोस पुरावा नसताना केवळ अंदाजाने औषधे दिली जात असतील, तर दुसरे मत घ्या. बायकांमध्ये हाच आजार अंडाशयाची गाठ म्हणून समोर येतो, पुरुषांमध्ये पुष्कळदा हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी जेली दिसते. माझ्या बहिणीच्या बाबतीत अंडाशयाच्या गाठीचे ऑपरेशन सुरू असताना ती दिसली. त्या सर्जननी हाताला लागेल तेवढे काढत बसण्याऐवजी तपासणीसाठी नमुना घेतला आणि पोट बंद केले. पुढच्या उपचारांच्या दृष्टीने तो निर्णय फार मोलाचा ठरला, कारण अर्धवट काढलेल्या आजारात कापलेल्या जागांवर पेशी रुजतात, आतडी एकमेकांना चिकटतात आणि पुढचे ऑपरेशन अवघड होते.

हेच तत्त्व इतर दुर्मिळ आजारांनाही लागू होते. जठर किंवा आतड्याच्या भिंतीतून निघणाऱ्या जिस्ट या गाठीत कधी कधी आधी इमॅटिनिबच्या गोळ्या देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन होते. पोटाच्या मागच्या बाजूला वाढणारा सार्कोमा (चरबी, स्नायू अशा ऊतींचा कर्करोग) तुकड्यातुकड्यांनी काढला, तर तो परत येण्याचा धोका वाढतो. न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या, गाठीसाठी डोटाटेट नावाचा वेगळा पेट स्कॅन लागतो. सगळ्यांचा रस्ता सारखा नाही, पण नमुन्याचा नेमका अहवाल हातात आल्यावरच तो रस्ता ठरतो.

२. ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्या

बहुतेक नातेवाईक इथेच अडकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ऑपरेशनमध्ये काढलेला नमुना पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात, त्या स्लाइड. मोठ्या कर्करोग रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट तुमचा छापील अहवाल वाचून थांबत नाहीत, ते स्लाइड स्वतः पाहतात आणि गरज पडल्यास ब्लॉकमधून नवे काप घेऊन विशेष तपासण्या करतात. या आजारात आजार लो-ग्रेड (संथ) आहे की हाय-ग्रेड (आक्रमक), त्यात सिग्नेट रिंग या आक्रमक पेशी आहेत की नाहीत, की केवळ पेशीविरहित श्लेष्मा आहे, यावर उपचाराची दिशा बदलते. पहिल्या अहवालात ‘अंडाशयाचा म्युसिनस (श्लेष्मा तयार करणारा) ट्यूमर’ असे लिहिलेले असते आणि फेरतपासणीत मूळ अपेंडिक्समध्ये निघते, असेही होते.

ब्लॉक म्हणजे आगपेटीहून लहान, जाळीदार प्लॅस्टिकच्या डबीला चिकटलेली मेणाची वडी. तिच्या तिरप्या कडेवर लॅबचा क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी तिथेच, काउंटरवर उभे राहून, जुळवून पाहा. आम्हाला नर्सिंग होमने ‘ब्लॉक बाहेरच्या लॅबमध्ये आहेत’ असे सांगितले आणि लॅबने ‘नर्सिंग होमचे पत्र आणा’ असे सांगितले. असे झाले तर तोंडी विनंती करत बसू नका. रुग्णाच्या सहीचा लेखी अर्ज, मूळ अहवालाची प्रत, रुग्णाचे आणि तुमचे आधार कार्ड असे घेऊन जा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचपावती घ्या. ब्लॉक मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, कारण उन्हाने मेण मऊ पडते. स्लाइड लॅबच्या पुठ्ठ्याच्या पाकिटात तशाच राहू द्या. मोठ्या रुग्णालयात जमा केल्यावर पावती सांभाळा आणि तपासणी झाली की दोन्ही परत मागून घ्या.

३. फाइल लावा

एकच जाड फाइल करा आणि त्यात सर्व कागद तारखेनुसार लावा. मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा. लागणारे कागद पुढीलप्रमाणे:

- आधीच्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद. डिस्चार्ज कार्डावर चार ओळी असतात, त्या पुरत नाहीत. सर्जनने लिहिलेली ऑपरेशन नोट वेगळी मागून घ्यावी लागते.
- पॅथॉलॉजीचे सर्व अहवाल, स्लाइड आणि ब्लॉक.
- सीटी स्कॅनचा अहवाल, फिल्म आणि सीडी. सीडी घरी एकदा उघडून पाहा, कारण रिकामी किंवा न उघडणारी सीडी ही नेहमीची अडचण आहे.
- सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ या रक्तातील मार्करचे जुने-नवे अहवाल.
- मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा ताजा अहवाल. कॉन्ट्रास्ट (स्कॅन स्पष्ट दिसण्यासाठीचे औषध) देऊन सीटी करण्यापूर्वी तो मागतात.
- मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे यांची चिठ्ठी, तसेच ॲलर्जीची नोंद.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, पत्त्याचा पुरावा, विमा पॉलिसीची पूर्ण प्रत.
- उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदार कार्यालयातून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतो आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

४. कुठे दाखवायचे ते ठरवा

ठाणे आणि नवी मुंबईत चांगली रुग्णालये आहेत, पण इथे प्रश्न इमारतीचा नसून अनुभवाचा आहे. या आजारावर मुख्य उपचार म्हणजे सायटोरिडक्टिव्ह सर्जरी आणि हायपेक. पहिल्या भागात दिसणारा सगळा आजार आणि त्याने व्यापलेले उदरावरण काढतात. दुसऱ्या भागात ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले केमोथेरपीचे औषध, बहुधा मायटोमायसिन, पोटात साधारण ६० ते ९० मिनिटे फिरवतात. वॉशिंग्टनचे सर्जन डॉ. पॉल शुगरबेकर यांनी ही पद्धत घडवली. इंग्लंडमध्ये या आजारासाठी बेझिंगस्टोक आणि मँचेस्टर अशी दोनच राष्ट्रीय केंद्रे ठेवली आहेत. कारण उघड आहे: विरळ आजाराचे रुग्ण एकाच पथकाकडे गेले, तरच त्या पथकाचा हात बसतो. म्हणून घराजवळ काय आहे यापेक्षा हे ऑपरेशन नियमितपणे कुठे होते, हे पाहावे.

आपल्या भागातून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय हा स्वाभाविक पर्याय आहे. टाटा मेमोरियल सेंटरचेच ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे. कोणती तपासणी किंवा उपचार परळला आणि कोणता खारघरला, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या, म्हणजे ठाण्याहून उलट्या दिशेचा प्रवास टळतो. ठाण्याहून परळला मध्य रेल्वेची धीमी लोकल पकडावी. खारघरला ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल थेट जाते. टाटामध्ये जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग आहेत आणि खर्चात मोठा फरक पडतो. नोंदणीच्या खिडकीवर गडबडीत उत्तर देण्याऐवजी हे आदल्या दिवशी घरी बसून ठरवा. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी केवळ मत हवे असेल, तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सल्लासेवाही आहे.

मुंबई महानगरात काही खासगी रुग्णालयांतही हायपेक होते. तिथे जाहिरातीतल्या यंत्राच्या नावाने भारावून जाऊ नका. गरम औषध फिरवणारे यंत्र विकत घेता येते; आठ-दहा तास उभे राहून उदरावरण सोलून काढण्याचे कौशल्य अनुभवानेच येते, आणि रुग्णाचे भवितव्य मुख्यतः त्या पहिल्या भागावर ठरते.

५. सर्जनला काय विचारायचे

प्रश्न कागदावर लिहून न्या आणि रुग्णाबरोबर एक शांत डोक्याचा माणूस न्या, जो उत्तरे टिपून घेईल. हे विचारायला संकोचू नका. अनुभवी सर्जन अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

तुमच्या पथकाने या आजाराची किती ऑपरेशने केली आहेत? पीसीआय अंदाजे किती आहे? आजार पोटात किती पसरला आहे, ते सांगणारा हा आकडा पोटाचे १३ भाग करून प्रत्येक भागाला ० ते ३ गुण देऊन काढतात, म्हणजे कमाल ३९. मात्र आकडा मोठा ऐकून खचून जाऊ नका, कारण लो-ग्रेड स्यूडोमिक्सोमामध्ये जास्त पीसीआय असूनही सगळा आजार काढता येतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून पसरलेल्या आजाराला तो निकष फार कडक लागतो. लहान आतडे किती गुंतले आहे, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. सगळा आजार निघण्याची शक्यता किती? आधी दुर्बिणीने पाहणार का? पोट उघडल्यावर सगळे काढणे शक्य नाही असे दिसले, तर काय कराल? कोणते अवयव जाऊ शकतात: मोठ्या आतड्याचा उजवा भाग, प्लीहा, पित्ताशय, गर्भाशय आणि अंडाशय? रुग्ण तरुण स्त्री असेल, तर मूल होण्याविषयीचे बोलणे ऑपरेशनच्या तारखेनंतर नव्हे, तारखेच्या आधी व्हायला हवे. स्टोमा (आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावणे) लागेल का, आणि लागला तर तात्पुरता की कायमचा?

सलाइनमधून देतात त्या केमोथेरपीचा लो-ग्रेड आजारात फारसा उपयोग होत नाही. तरीही कुणी तीच प्रथम सुचवत असेल, तर त्यामागचे कारण अवश्य विचारा.

६. पैशांची सोय आधी, तारीख नंतर

हे ऑपरेशन खर्चिक आहे आणि आयसीयूतले दिवस वाढले की अंदाजपत्रक कोलमडते, त्यामुळे रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्याहून काही रक्कम जास्त धरा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजना विनारोकड असून पूर्वमंजुरी आधी लागते; स्वतः पैसे भरून नंतर परतावा मागण्याची अपेक्षा ठेवू नका. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा आणि ऑपरेशनचा कोणता भाग पॅकेजमध्ये बसतो आणि हायपेकचा खर्च वेगळा पडतो का, ते नेमके विचारा. योजनेचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८ आहे.

धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. यासाठी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला दाखल होण्यापूर्वीच भेटा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही उपचार पूर्ण होण्याआधीच करायचा असतो.

खासगी विमा असेल, तर दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला, खोलीच्या भाड्याची मर्यादा: मर्यादेबाहेरची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींमध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ अशा इतर खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होते. दुसरा, हायपेक: टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर हा शब्द अनोळखी असू शकतो आणि शंका काढून फाइल थांबते. सर्जनकडून निदान, ऑपरेशनचे स्वरूप आणि हायपेकची गरज स्पष्ट करणारे पत्र घेऊन ते पूर्वमंजुरीच्या अर्जासोबतच जोडा.

७. ऑपरेशनपूर्वीचे दिवस

प्लीहा काढावी लागण्याची शक्यता असेल, तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी ऑपरेशनच्या किमान १४ दिवस आधी घेणे चांगले. तारीख ठरली की पहिल्यांदा हेच विचारा.

रुग्णाची ताकद वाढवणे हे घरच्यांचे काम आहे. पोटात जेली असल्याने एका वेळी जास्त खाल्ले जात नाही. दर दोन तासांनी थोडे थोडे द्या आणि अंडी, पनीर, डाळ, मासे यांतून प्रथिने वाढवा. तंबाखू, मिश्री, सिगारेट त्याच दिवशी बंद. चालणे आणि तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरने श्वास ओढण्याचा सराव आधीपासून करून घ्या. बहीण त्या काळात माझ्याकडे ठाण्यात होती आणि रोज संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारायची. ऑपरेशननंतर श्वासाचे व्यायाम तिला नव्याने शिकवावे लागले नाहीत.

रक्तदात्यांची यादी करा. दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि १२.५ हिमोग्लोबिनचा असावा लागतो. शेवटचे रक्तदान पुरुषाने तीन आणि स्त्रीने चार महिन्यांपूर्वी केलेले असावे. ठाण्याहून दहा जण सकाळच्या गर्दीत परळला न्यायचे आणि तिथे चौघे नापास व्हायचे, हे टाळण्यासाठी प्रत्येकाला हे आधीच विचारून घ्या. स्टोमाची शक्यता असेल, तर स्टोमा नर्सकडून पोटावर जागा आधी आखून घ्या. रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकवून ती जागा ठरवावी लागते, कारण साडीच्या किंवा पँटच्या कमरपट्ट्याखाली ती आली, तर पिशवी टिकत नाही.

८. ऑपरेशन आणि रुग्णालयातले दिवस

ऑपरेशन आठ ते बारा तास चालू शकते. थिएटरबाहेर आलटून पालटून दोघे थांबा. सगळ्या कुटुंबाने थांबून उपयोग नाही. त्यानंतर आयसीयू, नाकातली नळी, पोटातल्या ड्रेन, लघवीची नळी आणि काही दिवस शिरेतून दिलेले पोषण, हे सगळे अपेक्षित आहे. आतडी सुरू व्हायला वेळ लागतो आणि त्या काळात नातेवाइकांनी डब्यातून काहीही भरवायचे नाही. मायटोमायसिनमुळे पुढच्या एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून भेटायला येणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोट, अंतिम पॅथॉलॉजी अहवाल कधी मिळेल त्याची तारीख आणि आजार पूर्ण निघाला का याची नोंद, या तीन गोष्टी मागा. ही नोंद सीसी-० ते सीसी-३ अशी असते. सीसी-० म्हणजे डोळ्यांना दिसेल असा आजार शिल्लक नाही.

९. घरी आल्यावर

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिनची इंजेक्शने साधारण चार आठवडे घरीही घ्यावी लागतात. ती देण्याची पद्धत वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घ्या. लहान आतड्याचा स्टोमा असेल, तर पाणी आणि मीठ भरपूर जाते. दिवसाला दीड लिटरच्या वर पिशवी भरू लागली, तर वाट न पाहता रुग्णालयाला कळवा आणि नुसते पाणी पाजत राहण्याऐवजी ओआरएस द्या. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल, तर बी-१२ तपासत राहावे लागते.

प्लीहा काढलेल्या रुग्णाचा ताप हा साधा ताप नसतो. ताप आला की त्याच तासाला रुग्णालय गाठायचे, क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. ‘प्लीहा काढलेली आहे’ अशी चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटात ठेवा. अशा रुग्णांना मलेरियाही जड जातो, म्हणून पावसाळ्यात खाडीलगतच्या आपल्या वस्त्यांमध्ये मच्छरदाणी सक्तीची समजा.

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाचे प्रमाणपत्र जवळ बाळगा.

१०. फॉलो-अप

आजार पूर्ण निघाला तरी तो परत येऊ शकतो, त्यामुळे सीटी आणि मार्करच्या तपासण्या कित्येक वर्षे चालतात. प्रत्येक वेळी रक्ताच्या तपासण्या शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते. नवी सीटी काढताना जुनी सीडी सोबत न्या आणि रेडिओलॉजिस्टना तुलना करून अहवाल लिहिण्याची विनंती करा. तपासण्या ओपीडीच्या तारखेच्या आठवडाभर आधी उरकून घ्या, कारण अहवाल हातात नसेल, तर डॉक्टरांना पुढची तारीख देण्यावाचून काही करता येत नाही.